तिसरा हात

हेगलंड, मिनेसोटा
१७ जून १९९७

मिसेस ओपडाल यांस,

शनिवारी सकाळी सूर्य वर यायच्या आधी मी त्या शेतात एकटाच गेलो आणि जिथे नंतर तुम्ही लेनाला घेऊन उभ्या राहणार होतात, नेमका तिथे ओल्या गवतात गुडघे टेकून बसलो. शिकारी कुत्र्यांच्या कोणत्याही परीक्षेआधी मी हे करतो. कुत्र्याने आणायची तीन टिपलेली बदकं कुठे पडतील हे पंचाला उभ्याने छान दिसतं, पण कुत्र्याचे डोळे आपल्या गुडघ्याच्या उंचीवर असतात. आपल्याला जे तळं वाटतं ते त्याला नुसती लव्हाळ्याची भिंत वाटू शकते. मिल्टन, माझा जोडीचा पंच, कॉफी घेऊन मागून आला आणि म्हणाला, "काय रे, प्रार्थना चाललीय की चष्मा हरवलाय?" मी म्हटलं, "थोडं थोडं दोन्ही."

प्रार्थना एवढीच होती की आज जे समोर असेल तेच दिसू दे. मनात असेल ते नको.

निकालानंतर तुम्ही कोणाशी न बोलता गाडीत बसलात. पंचाने आपण होऊन पत्र लिहावं असा नियम नाही, पण सेल्मर असता तर मी त्याला समजावून सांगितलंच असतं. त्याच्या बायकोला कमी का सांगावं?

जो पक्षी पडताना कुत्र्याने पाहिला, तो त्याने स्वतःच्या आठवणीवर आणायचा. मालकाने शिट्टी मारून त्याला वाटेत बसवलं आणि हाताने दिशा दाखवली, तर आम्ही म्हणतो, ‘हात दिला’. न पाहिलेल्या पक्ष्यासाठी हात देणं हेच तर कौशल्य. पाहिलेल्या पक्ष्यासाठी तो कमीपणा. गुन्हा मात्र नव्हे. कुत्र्याने अख्खं तळं तुडवत फिरण्यापेक्षा एक स्वच्छ शिट्टी आणि एक स्वच्छ हात मला केव्हाही बरा. किती हात चालतील याचा आकडा नियमांच्या पुस्तकात नाही. आमच्या भागातली वहिवाट अशी की पूर्ण परीक्षेत दोन माफ.

लेनाला सकाळी पाण्यावर एक हात दिला गेला, दुपारी एक. शेवटचा, विलो झाडांच्या रांगेपलीकडचा पक्षी तिला पूर्ण आठवत होता असं मला वाटलं. ती सरळ रेषेत निघाली होती. विलोंतून एक हरीण उठून टेकडीपलीकडे गेलं, तिने मानही वळवली नाही. आणि अर्ध्या वाटेत शिट्टी वाजली, ती बसली, तुम्ही हात केलात. तो तिसरा.

किताबाला तिची एकच फीत कमी आहे आणि ती नऊ वर्षांची झाली, हे मला माहीत आहे. म्हणूनच त्या दिवशी मी तुमच्याकडे पाहायचं टाळलं. पंचाने पाहू नये.

आपला,
ऑर्लिन ट्वेट

---

२२ जून

ऑर्लिन,

तुमचं पत्र इतकं नीटनेटकं होतं की मला वाटलं विमा कंपनीचं आलं. वीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून माझी कॉफी प्यायलात आणि अजून ‘मिसेस ओपडाल’? माझं नाव आर्डिस आहे. सेल्मर गेला, त्याच्याबरोबर ते गेलेलं नाही.

मी रागावून गेले नाही. रडू येईल म्हणून गेले. स्कूलबस चालवणाऱ्या बाईला चारचौघांत रडून चालत नाही. उद्या कोण ऐकेल तिचं?

तुम्ही गुडघ्यावर बसता हे मला माहीत नव्हतं. सेल्मर म्हणायचा, ऑर्लिन पंच असला की गवत आधी तपासून घे, खड्डा पडलेला असतो. मला तो विनोद वाटायचा.

खरं सांगायचं तर तिसरी शिट्टी फुंकल्याचं मला आठवतच नाही. पण माणूस घाबरला की तोंड काय करतं ते त्याला कळत नाही. शिट्टी ओठांतच होती, फुंकली असेन. तिला बसलेलं पाहिलं आणि वाटलं, आता हात करायलाच हवा. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी मी ओरडले, तेव्हा गेली.

लेना माझी नाहीच, ऑर्लिन. ती सेल्मरची आहे. मी तिला जेवू घालते, एवढंच नातं. मार्चपासून त्याच्या एकेक वस्तू लोकांना देत आलेय. कपाट रिकामं झालं. आता ती राहिली. सेल्मरचा पुतण्या कोरी मोंटानाहून ऑगस्टच्या शेवटी येतोय. त्याला रानपक्ष्यांसाठी शिकलेलं कुत्रं हवं आहे. मी हो म्हणून टाकलं. तिथे तिला पुरुषाचा आवाज तरी मिळेल.

आर्डिस

---

१ जुलै

प्रिय आर्डिस,

बघा, लिहिलं.

कोरीला ‘हो’ म्हटलंत हे वाचून मी पत्र घडी घालून ठेवलं, गाई सोडल्या, आणि पुन्हा वाचलं. तरीही तेच लिहिलेलं होतं.

एक गोष्ट मी आधी सांगितली नाही, कारण ती ऐकून तुम्हाला बरं वाटेल असं मला वाटलं नाही. लेना बसली तेव्हा ती कुठेतरी भलतीकडे पाहत नव्हती. ती डावीकडे टेकडीकडे पाहत होती. कान पुढे, शेपटी हलत होती. कुत्रं हट्ट करतं तेव्हा शेपटी हलत नाही. मी ‘मालकाकडे लक्ष नाही’ म्हणून तिचे गुण कापले. कापायलाच हवे होते. पण ती शेपटी माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि शिट्टी तुम्हीच फुंकलीत, त्याबद्दल मनात काही ठेवू नका. मी मागेच बसलो होतो. सेल्मरची ती पितळी शिट्टी, घशात दाणा अडकलेल्या कोंबडीसारखी वाजणारी. ती मी बदकांच्या तळ्यावर इतकी वर्षं ऐकली आहे की अंधारातही ओळखेन. म्हणूनच मला शंका आली नाही. उलट वाटलं, बरं झालं, त्याची शिट्टी तुम्ही गळ्यात ठेवलीत.

कोरीला थोडं थांबवता येईल का?

ऑर्लिन

---

६ जुलै

ऑर्लिन ट्वेट,

तुम्ही देवाला मानणारे आहात. दर रविवारी पुढून दुसऱ्या बाकावर बसता. म्हणून विचारते, विधवेला असलं लिहायला काही वाटलं नाही?

सेल्मरची शिट्टी माझ्याकडे नाही. मार्चमध्येच त्याच्या बुटांबरोबर ती मी त्याच्या दोस्ताला, वेंडल क्राऊसला, देऊन टाकली. माझ्या गळ्यात दुकानातली पिवळी प्लास्टिकची आहे. ती वाजते तेव्हा ट्रक मागे घेतल्यासारखं वाटतं. तिच्यात ना दाणा, ना कोंबडी.

मग तुम्ही काय ऐकलंत? तिने काय ऐकलं? टेकडीकडे बघून शेपटी हलवत होती म्हणता. मला धीर देण्यासाठी हे रचलं असेल तर चुकीची बाई निवडलीत. आणि रचलं नसेल, तर मी काय समजू? की सेल्मर तिथे होता आणि मी सोडून सगळ्यांना कळलं?

आजच कोरीला फोन केला, लवकर ये म्हणून. तो म्हणाला ऑगस्टच्या पहिल्या रविवारी निघतो. त्या कुत्रीला रोज दारात बसून वाट बघताना मला बघवत नाही.

उत्तर नको.

आर्डिस

---

२१ जुलै

प्रिय आर्डिस,

उत्तर नको म्हणालात, म्हणून दोन आठवडे लिहिलं नाही. गवत कापणीचे दिवस होते, तेवढंच निमित्त. पण काल रविवारी चर्चमधून परस्पर गाडी काढली आणि तुमच्या गावी वेंडलकडे गेलो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलो होतो. वळलो नाही. आधी खात्री करायची होती.

वेंडल कापणीयंत्राखाली आडवा होता. बाहेर फक्त बूट दिसत होते, आणि ते सेल्मरचे बूट. खोटं बोलत नाही, मी एक पाऊल मागे सरलो. मग बूट बोलले, "कोण आहे? बारा नंबरचा पाना दे इकडे."

"ऑर्लिन ट्वेट."

"अरे पंचसाहेब! मला नापास करायला घरापर्यंत आलास? तो दुसरा पंच काय कमी होता?"

"वेंडल, त्या शनिवारी तू टेकडीपलीकडच्या शेतात होतास ना? नवख्या कुत्र्यांच्या परीक्षेत?"

"होतो म्हणजे काय, पाच मिनिटंच होतो. माझं ते गाढव एका हरणाच्या मागे जे सुटलं! मी सेल्मरची शिट्टी अशी फुंकली की दाढा हलल्या."

"तुझं कुत्रं बसलं?"

"त्याने ऐकलं असेल तर शपथ! पार हमरस्त्यापर्यंत गेलं."

"दुसरं एक बसलं," मी म्हणालो.

तो यंत्राखालून बाहेर आला. तोंडाला ग्रीस, हातात अजून पाना. आधी हसत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसू ओसरलं. "लेना?"

"लेना."

टायरवर बसला आणि टोपी काढली. "अरे देवा. माझं ऐकलं ते त्या बिचारीने! आणि मी आर्डिसला म्हणालो होतो, शिट्टी जपून ठेवीन. फुंकायला नको होती, भिंतीला टांगायला हवी होती."

ते हरीण मी पाहिलं होतं. त्याबद्दल तुम्हाला लिहिलंही होतं. ते टेकडीपलीकडे गेलं आणि लगेच शिट्टी वाजली. वारा तिकडूनच येत होता. भूत नव्हतं, आर्डिस. वेंडल होता.

म्हणजे लेनाने तुमचं ऐकलं नाही, असं झालंच नाही. तिला लहानपणापासून शिकवलेला हुकूम मिळाला, तो तिने पाळला, धावण्याच्या भरात, पडलेला पक्षी पक्का आठवत असताना. आणि मग तुम्ही हात केलात, ओरडलात, तेव्हा त्या शिट्टीकडे पाठ फिरवून तुमचं ऐकून गेली. हे कुठल्याही फितीपेक्षा मोठं आहे, आणि त्यासाठी मी तिचे गुण कापले.

निकाल बदलता येत नाही. बाहेरच्या कशाने कुत्र्याचं काम बिघडलं तर तीच पाळी पुन्हा द्यायची असं पुस्तकात आहे, पण ती त्याच दिवशी. सह्या झाल्या की संपलं.

तिला पाठवू नका. हे मी पंच म्हणून सांगत नाही.

ऑर्लिन

---

३० जुलै

प्रिय ऑर्लिन,

तू गल्लीच्या तोंडाशी थांबलास आणि वळला नाहीस? साठ मैल येऊन? तुला कोणीतरी शिट्टी मारायला हवी होती.

वेंडल मंगळवारी आला. अंघोळ करून, केस विंचरून, हातात रुमालात गुंडाळलेली शिट्टी. दारातच रडायला लागला. एवढा मोठा गडी, पावणेतीनशे पौंडांचा. मी त्याला ओव्हनमधली बटाट्याची हॉटडिश वाढली तेव्हा गप्प झाला. दोनदा घेतली. म्हणाला, "वहिनी, मी ती परत द्यायला आलोय, पण बूट ठेवले तर चालेल का? फार आरामाचे आहेत."

तो गेल्यावर मी शिट्टी घेऊन मागच्या कुरणात गेले. लेना पार खाली, पाणथळीच्या कडेला बेडकांच्या मागे होती. ती ओठांशी नेली. फुंकली. एकदाच.

ती बसली, ऑर्लिन. जागच्या जागी, शेपटी चिखलात. आधी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, घराच्या दाराकडे. मग परत माझ्याकडे. आणि तिथे थांबली. नजर हलवली नाही. मीच किती वेळ उभी होते कोण जाणे. मग हात वर केला, उजवीकडे, आणि ती निघाली. तिकडे काहीच नव्हतं, पक्षी नाही, काही नाही. तरी निघाली. मला त्या बिचारीसाठी जुना हातमोजा फेकायला पळत जावं लागलं.

रात्री कोरीला फोन केला. चांगला आहे तो, समजून घेतलं. त्याला सेल्मरची बोट दिली.

शिट्टी मी ठेवून घेतली. वेंडलला माझी पिवळी दिली. त्याचं गाढव तीही ऐकणार नाही.

तर मग सहा सप्टेंबर. वर्षातली शेवटची परीक्षा. नाव घातलंय. सेल्मरने आखलं होतं म्हणून नाही, मला घालायचं होतं म्हणून. पत्रकात पाहिलं, पंच मिल्टन आणि तू. बरं वाटलं. तू गुडघ्यावर बसून पाहशील तर ते शेत लेनासाठी ठीक असेल.

एक मात्र विचारते, रागाने नाही. त्या दिवशी मला विचारलं का नाहीस? ‘बाई, शिट्टी तुम्ही वाजवलीत का?’ एवढंच. कुत्रं टेकडीकडे बघतंय हे तुला दिसलं होतं. दुसरं कोणी असतं तर विचारलं असतंस. तुला मी ओळखते.

आर्डिस

---

१२ ऑगस्ट

प्रिय आर्डिस,

तुझा प्रश्न घेऊन मी बरेच दिवस फिरलो. ट्रॅक्टरवर, गोठ्यात, रविवारी पुढून दुसऱ्या बाकावर. भजनाच्या दोन ओळी चुकलो, शेजारच्या म्हातारीने कोपर मारलं.

हो. दुसरं कोणी असतं तर विचारलं असतं. प्रश्न जिभेच्या टोकावर आला होता. शेपटी हलते आहे, नजर टेकडीकडे आहे, काहीतरी बरोबर नाही. पण त्याच क्षणी मी स्वतःला म्हटलं, ऑर्लिन, तुला हे विचारावंसं वाटतंय कारण ती आर्डिस आहे. तिच्यासाठी तू सूट शोधतो आहेस. म्हणून मी ओठ मिटले आणि पेन्सिल चालवली. मिल्टनने माझ्याकडे पाहिलं होतं. मी मान हलवली तेव्हा त्यानेही लिहिलं.

आमच्या खेड्यातल्या शाळेत एकच खोली होती आणि एकच बाई. त्यांचा मुलगा आमच्यातच बसायचा. सगळ्यांत जास्त छड्या त्यालाच. आम्हा पोरांना तो न्याय वाटायचा. मोठा झाल्यावर कळलं, त्या पोराची चूक नसतानाही तो खायचा, कारण आईला लोक काय म्हणतील याची भीती होती. मी त्या शेतात तेच केलं. तुझ्याबाजूने झुकायला नको म्हणून मी दुसरीकडे झुकलो. सरळ उभा राहिलोच नाही.

त्या सकाळी गुडघ्यावर बसून मी मागितलं होतं की जे समोर आहे तेच दिसू दे. ते दिसलंही होतं. पाहायला तयार नव्हतो, एवढंच.

पुढच्या वेळी सरळ उभा राहीन असं स्वतःला सांगून पाहिलं. काल दूध काढता काढता लक्षात आलं की तो खोटा वायदा आहे. तू त्या रेषेवर उभी असशील तर मी एकीकडे नाहीतर दुसरीकडे झुकणारच. लेनाला याहून बरा पंच मिळायला हवा.

म्हणून काल दुपारी क्लबच्या चिटणीस बर्निसबाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात घेवडा मोडत बसल्या होत्या. म्हणालो, "सहा सप्टेंबरचं माझं नाव काढा."

"आजारी आहेस?"

"नाही."

"मिल्टनशी भांडलास? त्याच्याशी सगळेच भांडतात, त्यात काय."

"नाही. पंचाने स्वतःच्या घरच्या कुत्र्याला गुण देऊ नयेत, असं पुस्तकात आहे."

"आहे की. मीच टंकलंय. पण तुझ्या घरचं कुठलं कुत्रं आलंय यंदा?"

"लेना ओपडाल."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लेना तुझ्या घरची कधी झाली?"

"नाही झाली," मी म्हणालो. "पण तसं व्हावं असं मला वाटतं."

बर्निसबाईंच्या हातातला घेवडा तसाच राहिला. मग म्हणाल्या, "हे पुस्तकात नाही रे."

"म्हणून तर स्वतः आलो."

"आर्डिसला माहीत आहे?"

"उद्या लिहिणार आहे."

"म्हणजे मला आधी कळलं?" त्या म्हणाल्या. "ऑर्लिन, पन्नाशीला आलास आणि अजून सगळं उलट्या बाजूने करतोस." मग आत जाऊन पत्रक आणि पेन घेऊन आल्या.

तुझ्यावर याचं काहीच ओझं नाही. तुझं उत्तर काहीही असलं तरी नाव परत घालायचं नाही, हे मी ठरवूनच गेलो होतो. ते सेल्मरचं कुरण आहे, त्याचं दार आहे, आणि लेना अजून आधी तिकडे पाहते. पाहू दे. मलाही घाई नाही.

सहा तारखेला पहाटे मी येईन, नेहमीच्या जागी गवतात बसेन, कारण सवय आहे आणि मागायचंही आहे. मग उठून मागे, दोरीपाशी, जिथे इतर लोक थर्मास घेऊन उभे राहतात तिथे जाईन. गळ्यात शिट्टी तुझी असेल, हात तुझा असेल. मी फक्त पाहीन. या वेळी तुझ्याकडेही.

बर्निसबाईंनी माझ्यादेखत माझं नाव खोडलं आणि शेजारी दुसऱ्याचं लिहिलं.

ऑर्लिन